एकाच ऑर्डरच्या पाच प्रती

धंदा वाढायला लागला की ऑफिसात एक वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येतं, "फाईल कुणाकडे आहे?" चार माणसं एका खोलीत बसतात तोवर हा प्रश्न पडतच नाही, मान वळवून विचारलं की झालं काम. मग परचेस वेगळं होतं, स्टोअर वेगळं, अकाउंट्स वेगळं, आणि प्रत्येक जण आपापलं काम चोख करत असूनसुद्धा दोन टेबलांच्या मधे काहीतरी अडकून पडलेलं असतं. आज वर्कफ्लो, ऑटोमेशन, इंटिग्रेशन असे शब्द रोज कानावर पडतात, पण ही अडचण पावणेदोनशे वर्षं जुनी आहे आणि तिचा इतिहास माहीत असला तर सॉफ्टवेअर निवडताना डोकं शांत राहतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवात रेल्वेपासून करावी लागते. १८४१ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये वेस्टर्न रेलरोडच्या दोन गाड्या समोरासमोर धडकल्या, माणसं गेली, आणि त्यानंतर कुणी कुणाला काय कळवायचं, जबाबदारी कुणाची, हे सगळं लिहून ठरवावं लागलं. पुढे १८५५ मध्ये न्यूयॉर्क अँड ईरी रेल्वेच्या डॅनिएल मॅकॅलमने अख्ख्या कंपनीचा आराखडा काढून घेतला, अगदी झाडासारखा, खाली मुळाशी संचालक आणि वर फांद्या. पहिला ऑर्ग चार्ट, म्हणजे कोण कुणाच्या हाताखाली याचा तक्ता, म्हणून त्याचंच नाव घेतात. गाड्या कुठे आहेत याचा रिपोर्ट तारेने सतत मागवण्याची पद्धतही त्याने बसवली. म्हणजे कोण कुठे बसतं आणि माहिती कुठून कुठे जाते या दोन्हीचा विचार तेव्हाच एकत्र झाला होता.

मग आला कागदाचा जमाना. कार्बन पेपरचं पेटंट इंग्लंडमध्ये राल्फ वेजवूडने १८०६ मध्येच घेतलं होतं, पण ऑफिसात त्याचा खरा बोलबाला झाला तो टाईपरायटर आल्यावर. एक ऑर्डर टाईप केली की एका दणक्यात चार-पाच प्रती, एक सप्लायरला, एक स्टोअरला, एक अकाउंट्सला, एक आपल्या फाईलला. सोय मोठीच होती. पण दुखणंही इथेच सुरू झालं असं माझं मत आहे, कारण परचेसच्या माणसाने फोनवर बोलून नग १०० चे ८० केले आणि आपल्याच प्रतीवर पेनाने खोडून लिहिलं, तर बाकीच्या सगळ्या प्रतींवर १००च राहणार. आता खरं कुठलं?

कॉम्प्युटर आल्यावर हे मिटायला हवं होतं, आणि एका ठिकाणी ते खरंच मिटवलं गेलं. लंडनच्या जे. लायन्स या बेकरी आणि टीशॉपवाल्या कंपनीने स्वतःचा लिओ नावाचा कॉम्प्युटर बांधला आणि १९५१ मध्ये त्यावर रोजचं ऑफिसकाम सुरू केलं, धंद्याच्या नेहमीच्या कामाला जुंपलेला हा पहिला कॉम्प्युटर समजतात. १९५४ च्या सुमाराला त्यांनी टीशॉपच्या मालाचं काम त्यावर घेतलं, ते मला फार आवडतं. दुकानाच्या मॅनेजर बाईंनी फोन करून नेहमीच्या ऑर्डरमधला फक्त बदल सांगायचा, इकडे तो बदल कार्डावर पंच व्हायचा, आणि त्यावरून किती माल बनवायचा, कुठल्या दुकानाला किती द्यायचा, हे सगळं निघायचं. एंट्री एकदाच. सत्तर वर्षांपूर्वी!

बाकी बहुतेक ठिकाणी मात्र ज्याचा त्याचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम झाला, पगाराचा वेगळा, स्टॉकचा वेगळा, हिशोबाचा वेगळा, आणि एकाचं प्रिंटआऊट बघून दुसऱ्यात टायपिंग. १९७२ मध्ये आयबीएम सोडलेल्या पाच इंजिनिअरांनी जर्मनीत सॅप ही सॉफ्टवेअर कंपनी काढली ती हे तुकडे जोडायलाच, १९९२ मध्ये त्यांचं आर-थ्री हे सॉफ्टवेअर आलं आणि ईआरपी (सगळ्या खात्यांचं काम एकाच सिस्टीममध्ये) हा शब्द घरोघरी नाही तरी ऑफिसोऑफिसी पोचला.

पण या सगळ्या इतिहासात सगळ्यात शिकण्यासारखं प्रकरण फोर्डचं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फोर्डच्या उत्तर अमेरिकेतल्या बिलं चुकती करणाऱ्या खात्यात ५०० हून जास्त माणसं होती. कॉम्प्युटर लावून ४०० वर आणू असा त्यांचा विचार होता, आणि मग कळलं की जपानच्या माझदा या गाड्यांच्या कंपनीमध्ये हेच काम ५ जण करतात. माझदा लहान कंपनी, पण तो हिशोब धरूनही फरक प्रचंड होता. फोर्डकडे काय व्हायचं, तर परचेस ऑर्डरची प्रत एकीकडून, माल आल्याचा कागद दुसरीकडून, सप्लायरचं बिल तिसरीकडून, आणि क्लार्कने या तिघांतल्या १४ गोष्टी जुळवायच्या. जुळलं तर ठीक, नाही जुळलं तर पत्रापत्री, आणि खात्याचा बराचसा वेळ यातच जायचा. शेवटी त्यांनी बिलच काढून टाकलं. ऑर्डर डेटाबेसमध्ये, माल गेटवर आला की तिथल्याच माणसाने स्क्रीनवर बघायचं, जुळला तर घ्यायचा आणि पैसे आपोआप सुटायचे, नाही जुळला तर माल परत. माणसं ७५ टक्के कमी लागली. मॅनेजमेंटवर लिहिणाऱ्या मायकेल हॅमरने १९९० मध्ये हे लिहिलं तेव्हा त्याचं म्हणणं साधं होतं, जुनी पद्धत तशीच ठेवून तिला कॉम्प्युटर जोडू नका. (नोकऱ्या गेल्या हा भाग दुखरा आहेच, तो लपवायचं कारण नाही.)

उलटी उदाहरणंही आहेत. १९९९ मध्ये हर्शी या चॉकलेट कंपनीने नवी सिस्टीम ऐन हॅलोविनच्या, म्हणजे चॉकलेट भरपूर खपणाऱ्या सणाच्या तोंडावर चालू केली आणि गोडाऊनात माल असून साधारण १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेत गेल्या नाहीत.

याच काळात बाजूने दुसरी गोष्ट वाढत होती, स्प्रेडशीट. १९७९ मध्ये व्हिसीकॅल्क, १९८५ मध्ये एक्सेल. आयटीची वाट न बघता प्रत्येक डिपार्टमेंटला स्वतःचा तक्ता करता यायला लागला, आणि खरं सांगायचं तर वाढत्या कंपन्या आजही त्यावरच चालतात. फक्त मेलला जोडलेली शीट म्हणजे पुन्हा ती कार्बन कॉपीच, "फायनल", "फायनल २", "फायनल नवीन". २००६ मध्ये गूगल शीट्स आल्यावर एकाच शीटमध्ये सगळ्यांना लिहिता यायला लागलं, हा मोठा फरक. मग महिन्याच्या भाड्यावर मिळणारी ॲप्स आली, सेल्सने एक घेतलं, एचआरने दुसरं, आणि ती जोडायला तिसरं.

मेल्विन कॉनवे या कॉम्प्युटर प्रोग्रॅमरने १९६८ मध्ये मांडलं होतं की संस्थेत लोक एकमेकांशी जसे बोलतात तशीच त्यांनी बनवलेली सिस्टीम होते. मी काम केलेल्या एका कंपनीत हे डोळ्यांनी बघितलंय. सेल्सच्या शीटमध्ये "बोल्ट ६ एमएम लांब", स्टोअरमध्ये "६ चा बोल्ट (मोठा)", अकाउंट्समध्ये नुसता "बोल्ट". नवीन सॉफ्टवेअर आलं तेव्हा तिन्ही याद्या तशाच त्यात ओतल्या गेल्या, आणि एकाच वस्तूचा स्टॉक तीन ठिकाणी दिसायला लागला, एका जागी शून्य म्हणून नवीन ऑर्डर गेली आणि माल तर रॅकवर पडलेला. मग तिन्हीकडचा एकेक जण रॅकसमोर उभा राहिला, वस्तू हातात घ्यायची, नाव ठरवायचं, नंबर द्यायचा, यादीत बदल फक्त स्टोअरवाल्यानेच करायचा. याला तीन आठवडे लागले. सॉफ्टवेअर पुन्हा चालू करायला दोन दिवस.