मांसासाठी दहा गाई पाळणे परवडते का?

मांसोत्पादनासाठी गुरांचा छोटा कळप पाळावा की नाही, हा प्रश्न बहुतेक वेळा बाजारभावापासून सुरू होतो आणि तिथेच अडकतो. भाव वर-खाली होत राहतात. परंतु गाय वर्षाला किती वासरे देऊ शकते, नुसते जगण्यासाठी किती खाते आणि त्या खाण्यातून मांस किती तयार होते, या गोष्टींना भावाशी काही देणेघेणे नसते. त्या शरीरशास्त्राने ठरवून दिलेल्या आहेत, आणि कळप दहाच गाईंचा असला की त्यांचा चटका शंभर गाईंच्या कळपापेक्षा कितीतरी लवकर बसतो.

दुभत्या गाईचे उत्पन्न रोज दोन वेळा हाती येते. मांसासाठी पाळलेल्या गाईचे सगळे दूध वासरूच पिते, आणि तिचे वर्षभराचे उत्पन्न म्हणजे ते एकुलते वासरू. डुकरीण वर्षाला वीसच्या आसपास पिल्ले वाढवते, तर कोंबडीच्या अंड्यांतून शंभराहून अधिक पिल्ले निघतात. त्यामुळे आईला पोसण्याचा खर्च अनेकांत वाटला जातो. गाईच्या बाबतीत तो सगळाच्या सगळा एका वासरावर बसतो. म्हणूनच या व्यवसायात लागणाऱ्या एकूण खाद्यऊर्जेपैकी सुमारे निम्मी किंवा त्याहूनही अधिक ऊर्जा विकल्या जाणाऱ्या जनावरांना नव्हे, तर त्यांच्या आयांना लागते, आणि तिच्यातलाही मोठा भाग श्वसन, रक्ताभिसरण आणि पेशींची रोजची डागडुजी यांतच खर्च होतो.

हा निर्वाहाचा खर्च गाईच्या आकारावर कसा अवलंबून असतो, याचे गणित माक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने १९३२ साली मांडले. उंदरापासून बैलापर्यंतच्या प्राण्यांची मोजमापे ताडून पाहिल्यावर त्यांना असे दिसले की विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जेची गरज वजनाच्या पाऊण घाताच्या प्रमाणात वाढते. या नियमाने ६५० किलोच्या गाईला ५०० किलोच्या गाईपेक्षा सुमारे २२ टक्के अधिक ऊर्जा लागते. वजन ३० टक्के जास्त असूनही गरज २२ टक्केच वाढली, म्हणजे मोठी गाय किफायतशीर, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण तो फसवा आहे. कारण आईचे वजन वाढले म्हणून दूध तोडण्याच्या वेळचे वासराचे वजन त्याच प्रमाणात वाढेल, असे नाही. चारा मर्यादित असलेल्या पाळकाला मध्यम बांध्याची गाय सहसा अधिक परवडते, मग प्रदर्शनात धिप्पाड गाय कितीही उठून दिसो.

आता दिवसांचा हिशेब पाहू. गाईचा गर्भकाळ सरासरी २८३ दिवसांचा असतो. दरवर्षी ठरलेल्या सुमारास वासरू हवे असेल, तर व्याल्यानंतर ८२ दिवसांच्या आत ती पुन्हा गाभण राहायला हवी. गर्भाशय पूर्वस्थितीत यायला आणि माज पुन्हा सुरू व्हायला त्यांपैकी बराच काळ जातो, आणि माज साधारण २१ दिवसांनी येत असल्याने एका वेतामागे गाभण राहण्याच्या संधी दोन किंवा फार तर तीन मिळतात. एक संधी हुकली की पुढचे वासरू तीन आठवडे उशिरा जन्मते. दिवसाला एक किलोच्या आसपास वाढणारे ते वासरू विक्रीच्या दिवशी आपल्या जोडीदारांपेक्षा वीसेक किलोंनी हलके भरते. व्यायच्या वेळी हाडे दिसू लागलेल्या गाईचा माज आणखी लांबतो. पहिलारू कालवडीची अडचण दुहेरी असते, कारण तिची स्वतःची वाढ अजून चालू असते आणि अंगावर वासरू पीत असते.

वैरणीचे आकडे त्याहून रोखठोक आहेत. ५०० किलो वजनाची गाय दिवसाला वजनाच्या किमान दोन टक्के, म्हणजे दहा किलो शुष्क पदार्थ (चाऱ्यातील पाणी वगळून उरणारा भाग) खाते. कुरणात चारा नसलेले पाच महिने धरले, तर दीड टन शुष्क पदार्थ, म्हणजेच पाणी धरून सुमारे पावणेदोन टन वाळलेले गवत लागते. आणि त्यातला पाचवा हिस्सा तुडवण्यात व नासाडीत गेला, तर एका गाईमागे सव्वादोन टनांची तजवीज करावी लागते. गवत जमिनीवर नुसते टाकले, तर नासाडी याच्याही पुढे जाते. गव्हाण किंवा चाऱ्याभोवतीचे कडे यांवरचा खर्च सर्वांत लवकर वसूल होणाऱ्या खर्चांपैकी आहे.

एवढे सगळे असूनही गाय पाळली जाते, ती तिच्या पोटामुळे. गवतातले, माणसाला न पचणारे सेल्युलोज कोटीपोटातील, म्हणजे तिच्या पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यातील, सूक्ष्मजीव आंबवतात, आणि त्यातून तयार होणारी ॲसिटेट, प्रोपियोनेट व ब्युटिरेट ही बाष्पनशील मेदाम्ले कोटीपोटाच्या भिंतीतून थेट रक्तात जाऊन गाईची बहुतांश ऊर्जेची गरज भागवतात. नांगर न चालणाऱ्या उतारावरचे गवत अशा रीतीने मांसात उतरते. याच आंबवण्यातून मिथेनही निर्माण होतो आणि ढेकरांवाटे बाहेर पडतो. तो तापमानवाढीला हातभार लावतोच, शिवाय खाद्यातील सुमारे सहा टक्के ऊर्जा त्याच्याबरोबर हवेत जाते, ही बाजू पाळकाच्या क्वचितच ध्यानात येते.

येथवरचे सर्व काही लहानमोठ्या दोन्ही कळपांना लागू आहे. छोट्या कळपाची खरी गोची आकड्यांच्या लहानपणातच आहे. समजा, प्रत्येक गाईमागे वासरू विक्रीपर्यंत जगण्याची शक्यता ८५ टक्के आहे. शंभर गाईंच्या कळपात दरवर्षी ८५च्या आसपास वासरे मिळतील आणि त्यात फार मोठा चढउतार होणार नाही. आठ गाईंच्या कळपात मात्र, व्यवस्थापन तितकेच चोख असूनही, साधारण दहा वर्षांतून एकदा पाच किंवा त्याहून कमी वासरे हाती येतील. हा निव्वळ योगायोगाचा खेळ आहे, त्यात कोणाची चूक नाही. पण त्या वर्षीचे उत्पन्न सरासरीपेक्षा पाव हिश्शाने किंवा त्याहून अधिक घटते, आणि गुंतवणुकीनंतरच्या दुसऱ्याच वर्षी तसे घडले तर सावरायला जागा राहत नाही.

कुंपणाचेही तसेच. एक हेक्टर चौरस कुरणाला ४०० मीटर कुंपण लागते, चार हेक्टरांना ८०० आणि सोळा हेक्टरांना १,६००. म्हणजे हेक्टरी ४०० मीटरांवरून १०० मीटरांवर येण्यासाठी कुरण सोळापट मोठे असावे लागते. जनावर आवळून धरण्याचा खोडा, पाण्याची टाकी आणि वाहतूक यांचा बोजाही गाई कमी तेवढा दर गाईमागे जास्त.

वळू हा या बोजांपैकी सर्वांत खादाड. प्रौढ वळू एका हंगामात २५ ते ३० गाईंना पुरतो. आठ गाईंसाठी तो ठेवणे म्हणजे वासरू न देणारे एक मोठे जनावर वर्षभर पोसणे होय. शिवाय तिसऱ्या हंगामात त्याच्याच मुली माजावर येतात, आणि बाप-लेकीच्या संकरातून जन्मणाऱ्या वासराचा अंतःप्रजनन गुणांक (जवळच्या नात्यातील संकराचे माप) २५ टक्के असतो. त्यामुळे त्याला बदलणे भाग पडते.

कृत्रिम रेतनाने वळूचा प्रश्न सुटतो, परंतु माज ओळखण्याचे काम वळूऐवजी माणसाच्या गळ्यात पडते. दुसरी गाय अंगावर चढली तरी जागची न हलणे, ही माजाची सर्वांत खात्रीची खूण आहे, आणि ती अवस्था अवघी १२ ते १८ तास टिकते. मोठ्या कळपात तीन-चार गाई एकदम माजावर येऊन सगळ्यांचे लक्ष वेधून घेतात. छोट्या कळपात एकटी गाय माजावर येते, तिच्यावर चढायला कोणी उत्सुक नसते, आणि तिचा माज रात्रीतून मुका निघून जातो. अशा वेळी शेपटीला चिकटलेला काचेसारखा सोट (माजातला चिकट स्राव), खाण्यावरून उडालेले लक्ष किंवा शेपटीच्या मुळाशी विस्कटलेले केस एवढ्यावरच निदान करावे लागते. सकाळी खूण दिसली तर संध्याकाळी रेतन आणि संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या सकाळी, हा जुना नियम आजही कामाचा आहे. फक्त दोन्ही वेळेला अर्धा तास शांतपणे उभे राहून पाहणारा माणूस हवा.

या सगळ्याचा विचार करता माझे मत असे की दहाच्या आतबाहेर जनावरे ठेवू शकणाऱ्याने प्रथम आयांविना कळपाचा विचार करावा. दूध तुटलेली, सहा ते आठ महिन्यांची वासरे गवताच्या हंगामाच्या सुरुवातीला विकत घ्यावीत, कुरणावर वाढवावीत आणि गवत संपताच विकावीत. यात वळू, प्रसूती आणि बेगमीची वैरण हे तीनही खर्च टळतात, आणि गवत कमी पडले तर जनावरे लवकर काढता येतात. हडकुळे पण निरोगी वासरू येथे उलट फायद्याचे ठरते, कारण काही काळ अर्धपोटी राहिलेले जनावर पुरेसे खाणे मिळताच नेहमीपेक्षा वेगाने वाढते. याला भरपाईची वाढ म्हणतात, आणि स्वस्तात घेतलेल्या वासरावर ती पाळकाच्या पदरात पडते. धोका आहे तो रोगाचा. वेगवेगळ्या ठिकाणची, प्रवासाने शिणलेली वासरे एकत्र आली की श्वसनसंस्थेचे रोग झपाट्याने पसरतात. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे ती वेगळी ठेवणे, लसीकरण आणि जंतनिर्मूलन यांत हयगय चालत नाही.

ज्याला गाईच ठेवायच्या आहेत, त्याने निदान गाभण तपासणी टाळू नये. रेतनानंतर दोन महिन्यांनी पशुवैद्य हाताने किंवा सोनोग्राफीने ती सहज करू शकतात. भाकड ठरलेली गाय ठेवली, तर ती पाच महिन्यांत सव्वादोन टन वैरण संपवते आणि तिच्या पुढच्या वासराला किमान वर्षभराचा अवकाश असतो. दहा गाईंच्या कळपात प्रत्येकीला नाव असते, त्यामुळे ‘पुढच्या वेळी राहील’ असे म्हणून तिला ठेवून घेतले जाते. परंतु हिरवा चारा संपतानाच तिच्या अंगावर सर्वाधिक मांस असते, आणि विकायचीच असेल तर तिला वजन मिळते ते त्याच वेळी.