मीटरवर साडेबारा व्होल्ट, गाडी मात्र बंद

"ईसीयू (इंजिनचा कारभार पाहणारा छोटा संगणक) गेला असणार," असं म्हणून मेकॅनिक चिंध्यांना हात पुसायला लागला की ओळखावं, आता खिसा हलका होणार. गेल्या पावसाळ्यात चिपळुणात माझ्यावर ही वेळ आली. रात्रभर पावसात उभी राहिलेली मोटारसायकल सकाळी सुरू होईना. चावी फिरवली की हँडलवरचं मीटर उजळायचं. सेल्फचं बटण दाबलं की एक बारीकसं 'टक्', मीटर काळंठिक्कर, बटण सोडलं की पुन्हा जिवंत. मेकॅनिकने सीट काढली, मल्टिमीटर लावला. बॅटरीवर 12.6 व्होल्ट. स्टार्टर रिलेच्या (सेल्फच्या मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचच्या) जाड वायरीवर 12.6. मेन फ्यूजच्या दोन्ही बाजूंना 12.6. "करंट सगळीकडे आहे, बॅटरी फर्स्टक्लास. मीटर रिसेट होतंय म्हणजे ईसीयूचंच काम."

तर्क ऐकायला बिनतोड. पण त्यातला 'करंट आहे' हा शब्दच चुकलेला होता. मल्टिमीटरने दाखवलं होतं ते व्होल्टेज, आणि तेही कुणी काही काम मागत नसताना.

गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारा लोखंडी पाइप आतून गंजाने बुजत आलाय असं समजा. खालचा नळ बंद आहे आणि तिथे दाब मोजायचा काटा लावला, तर काटा टाकीच्या उंचीइतका पूर्ण दाब दाखवेल. पाइप कितीही बुजलेला असो, पाणी वाहतच नसेल तर अडणार काय? नळ उघडला की धार करंगळीएवढी, आणि काटा खाली. डिजिटल मल्टिमीटर हा जवळजवळ बंद नळच. त्याचा आतला रोध साधारण 1 कोटी ओहम असतो, म्हणजे 12.6 व्होल्टला तो जेमतेम सव्वा मायक्रोअँपिअर ओढतो. वाटेत 1000 ओहमचा सडलेला जोड असला तरी एवढ्याशा प्रवाहाला तिथे दीड मिलिव्होल्टही सांडत नाही. मीटर निरागसपणे 12.6 दाखवतो.

आता स्टार्टर मोटर घ्या. इंजिन फिरवताना ती सहज 60 अँपिअर ओढू शकते. 1827 साली गेओर्ग ओहमने मांडलेला शाळेतला नियम लावा: जोडात फक्त 0.05 ओहम रोध असेल तर 60 गुणिले 0.05, म्हणजे 3 व्होल्ट तिथेच गेले. त्या नखाएवढ्या जागेत 180 वॅट उष्णता. म्हणून सेल्फ अडखळत असेल तर दोनतीनदा बटण दाबून बॅटरीचे आणि अर्थचे (बॅटरीची ऋण वायर गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असते तिथले) नट बोटाने चाचपून पाहावेत. कोमट लागला तो गुन्हेगार. मीटर नसलेले जुने वायरमन हेच करायचे, आणि मला ही पद्धत अजूनही आवडते. हात भाजायची शक्यता मात्र गृहीत धरावी.

कार्बोरेटरच्या जमान्यात हे सगळं इतकं जिवावर बेतत नसे. बऱ्याच छोट्या गाड्यांत ठिणगीसाठी लागणारी वीज इंजिनच्या मॅग्नेटोमधूनच तयार व्हायची आणि पेट्रोल टाकीतून आपल्या वजनाने खाली उतरायचं. बॅटरी मेलेली असली तरी दोन किका मारल्या की काम भागायचं. मग कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असलेल्या गाड्या आल्या: 2006 साली हिरो होंडाची ग्लॅमर एफआय आली, 2007 मध्ये बजाजची पल्सर 220, आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर कार्बोरेटर नव्या गाड्यांतून जवळजवळ हद्दपार झाला. आता पेट्रोल ढकलायला विजेचा पंप, फवारायला विजेवर उघडणारा इंजेक्टर, आणि या दोघांना हुकूम देणारा ईसीयू, तोही विजेवरच. किक बऱ्याच गाड्यांवरून गेली. ढकलस्टार्ट करायचा तरी पंप फिरायला आणि ईसीयू जागा राहायला बॅटरीत थोडी धुगधुगी लागते. पूर्ण बसलेल्या बॅटरीवर उतारावरून गाडी सोडली तर व्यायाम होतो, इतकंच.

पण याच विजेच्या अवलंबित्वाचा एक फायदाही आहे. गाडी बोलते. चावी फिरवा, हँडलवरचा इंजिन बंद करणारा किल स्विच 'रन'वर ठेवा आणि सेल्फला हात न लावता दोन-तीन सेकंद नुसतं ऐका. टाकीतून 'सूंऽऽ' असा आवाज येऊन थांबतो, तो पंप पेट्रोलचा दाब तयार करत असतो. त्याच वेळी मीटरवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो. या दोन गोष्टींत अर्धं निदान होतं.

दोन्ही नाहीत? मग ईसीयूपर्यंत वीजच पोचत नाहीये. मेन फ्यूज, इग्निशन स्विच, मेन रिले आणि अर्थ, या चौघांत शोधा. दिवा आहे पण 'सूं' नाही? ईसीयू जागा आहे, पंपाचा फ्यूज, रिले किंवा कपलर (वायरींचा प्लास्टिकचा जोड) बघा, आणि आधी किल स्विच. (हसू नका. पेट्रोल पंपावरच्या मुलाने किंवा घरातल्या लहानग्याने दाबलेल्या किल स्विचमुळे गाड्या टेम्पोत घालून गॅरेजला नेलेल्या मी पाहिल्या आहेत.) गाडी आडवी पडली असेल तर एक वेगळीच गंमत. कलंडल्याचं ओळखणारा सेन्सर इंजिन आणि पंप बंद करतो, आणि गाडी सरळ उभी केली तरी अनेक मॉडेलांत चावी एकदा बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय तो माफ करत नाही. धसमुसळेपणात पडलेल्या गाडीवर माणूस सेल्फ मारत बसतो आणि शेवटी बॅटरीही संपवतो.

आवाज आहे, दिवा आहे, पण सेल्फचं बटण दाबल्यावर 'टक्'सुद्धा नाही, तर न्यूट्रल, क्लच लिव्हरखालचा बारका स्विच आणि साइड स्टँडचा स्विच, या क्रमाने बघा. साइड स्टँडचा स्विच चिखलाच्या वाटेवरच बसवलेला असतो, त्यामुळे कोकणात त्याच्यावर माझा कायमचा संशय.

सगळ्यात फसवी अवस्था वेगळीच. सेल्फ फिरतो, जरा सुस्त, पण फिरतो. इंजिन मात्र पकडत नाही. लोक प्लग बदलतात, पेट्रोलला शिव्या देतात. इथे मीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावून सेल्फ मारताना आकडा बघा. आराम करत असलेली चार्ज बॅटरी 12.6 ते 12.8 दाखवते, 12.4 म्हणजे साधारण तीन चतुर्थांश, 12 म्हणजे जवळपास रिकामी. पण खरी परीक्षा ओझ्याखालची. इंजिन फिरत असताना आकडा 10 च्या आसपास टिकला तर बरं. 8 पर्यंत कोसळला तर पिस्टन वर दाबात जाताना मोटर जास्त प्रवाह ओढते, त्या क्षणी व्होल्टेज आणखी बुडतं, आणि ईसीयू झोपतो. पुन्हा जागा होतो, पुन्हा झोपतो. गाडीच्या मीटरचा काटा दरवेळी सुरुवातीचा सलाम ठोकत वर-खाली जात असेल तर हेच चाललंय. मोटर फिरवायला वीज पुरते, विचार करायला पुरत नाही.

अशी बॅटरी आरामात 12.5 दाखवते हाच घोळ. बरेच दिवस अर्धवट चार्ज राहिली की शिशाच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात. रासायनिक क्रियेला उरलेली जागा कमी होते, बॅटरीचा आतला रोध वाढतो. लॉकडाऊननंतर गल्लोगल्ली मेलेल्या बॅटऱ्या निघाल्या त्यातल्या कित्येक अशाच गेल्या.

माझ्या गाडीचं दुखणं मात्र उलट होतं, आणि ते एका आकड्यावरून कळायला हवं होतं. सेल्फचं बटण दाबलेलं असतानाही बॅटरीवर 12.5 कायम. बॅटरी इतकी शांत कशी? कारण तिच्याकडे कुणी काही मागतच नव्हतं. मागणी वाटेत कुठेतरी अडत होती. मग मीटरची लाल पिन बॅटरीच्या धन टोकाला न लावता इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवायची, काळी बॅटरीच्या ऋण टोकाला, आणि कुणालातरी बटण दाबायला सांगायचं. एकाच तारेच्या दोन टोकांमध्ये आपण मोजतोय, म्हणजे उत्तर जवळपास शून्य यायला हवं. 0.2 पर्यंत ठीक. माझ्या मीटरवर 11 च्या वर आकडा आला. बॅटरीची जवळजवळ सगळी ताकद अर्थच्या वाटेवरच अडकली होती. गाडीचं मीटर काळं पडत होतं कारण त्याचा अर्थही त्याच वाटेने जात होता.

इथे क्षणभर ईसीयूकडे, कारण बिचाऱ्यावर आरोप उगाच होतात. इंजेक्टरच्या कपलरवर वीज येते का हे तपासणारे बरेच जण एका गोष्टीला फसतात. इंजेक्टरच्या एका टोकाला चावी फिरवल्यापासून 12 व्होल्ट असतातच. ईसीयू त्याचं दुसरं टोक काही मिलिसेकंद अर्थला जोडतो आणि तोडतो. म्हणजे 'करंट येतोय, तरी फवारा नाही' यात विरोधाभास काहीच नाही. तसंच सेन्सरांचं. थ्रॉटलचा, हवेच्या दाबाचा, अशा सेन्सरांना ईसीयू 5 व्होल्टची एकच सामाईक वाट देतो. त्यातला एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की वाट कोसळते, सगळेच सेन्सर गेल्यासारखे दिसतात आणि ईसीयू मेल्याचा भास होतो. एकेक सेन्सरचा कपलर काढत गेलं आणि कुठल्यातरी एकानंतर 5 व्होल्ट परतले, तर चोर सापडला.

खरोखर दगा देतो तो क्रँक सेन्सर, गॅरेजच्या भाषेत पिकअप कॉइल. इंजिनबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटच्या चाकाच्या कडेला दात असतात, एका जागी दात मुद्दाम सोडलेला असतो. ही पोकळी समोरून गेली की पिस्टन कुठे आहे हे ईसीयूला उमगतं. बहुतेक गाड्यांत हा सेन्सर म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली केसासारखी बारीक तार. दात जवळून जाताना चुंबकीय क्षेत्र हलतं आणि तारेत वीज उमटते, मायकेल फॅरडेने 1831 साली दाखवलेला तोच परिणाम. या सेन्सरकडून खबर नाही तर ना ठिणगी, ना फवारा. आणि इंजिन हळू फिरलं तर उमटणारी वीजही क्षीण, म्हणजे पुन्हा अशक्त बॅटरीच 'स्पार्क नाही' या वेषात समोर येते. तारेला सूक्ष्म चीर गेली असेल तर थंडपणी टोकं टेकलेली राहतात, इंजिन तापलं की सुटतात. घाटात गाडी बंद, अर्धा तास चहा प्यायला की सुरू, असं वारंवार होत असेल तर पहिला संशय याच्यावर घ्यावा, आणि रोध मोजायचा तो गाडी तापलेली असतानाच.

तपासताना काही खोडी टाळाव्यात. वायरीच्या आवरणात टाचणी खुपसून मोजू नये, त्या छिद्रातून पाणी शिरतं आणि सहा महिन्यांनी तांब्याची हिरवी भुकटी होते. इंडिकेटरच्या 21 वॅटच्या बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प पंपाच्या, फ्यूजच्या, अर्थच्या जोडांना उत्तम, कारण तो पावणेदोन अँपिअर ओढून जोडाची खरी परीक्षा घेतो. सेन्सरच्या किंवा ईसीयूच्या बारीक वायरींना मात्र तो लावू नये, तिथे मीटरच. आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळण्याची जुनी परंपरा आता तरी सोडावी. तेव्हा फार तर वायर जळायची, आता तिच्याबरोबर बरंच काही जळतं.

तर अर्थ. बॅटरीपासून निघालेली काळी वायर खाली चेसीसच्या एका बोल्टवर येऊन थांबत होती. बोल्ट सोडला तर खाली पांढरट-हिरवा थर, आणि त्यात रुतलेली दोन टर्मिनलं. एक कंपनीचं, जाड, कथिलाचा मुलामा असलेलं. दुसरं बाजारातलं पातळ पत्र्याचं, पार गंजलेलं, कंपनीचं टर्मिनल आणि चेसीस यांच्या मध्ये बसून ओलावा धरणारं. पावसाळ्याआधी फॉग लॅम्प बसवताना कुणीतरी त्यांची अर्थ सोयीची म्हणून याच बोल्टखाली सारली होती, आणि बोल्ट नीट आवळलाही नव्हता.

मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं. फॉग लॅम्प घरीच, अंगणात बसून मीच बसवले होते. पॉलिश पेपरचा तुकडा, थोडं ग्रीस आणि दहा मिनिटं. त्याने पैसे घेतले नाहीत, पण फॉग लॅम्पची अर्थ थेट बॅटरीवर कशी न्यायची हे दोनदा समजावून सांगितलं.