चकवा लागला तर खाली बसायचं

रावेर-यावलकडे केळीच्या बागेत रात्री पाण्याची पाळी असली, की चकव्याची गोष्ट निघतेच. माणूस ओळखीच्या वाटेने घरी निघतो आणि रात्रभर चालून पुन्हा त्याच विहिरीपाशी येतो. ऐकणारं पोर आजीला बिलगतं. हल्ली पुष्कळ पालकांना वाटतं, कशाला उगाच घाबरवायचं? मला मात्र या गोष्टी मुलांपर्यंत पोचायलाच हव्यात असं वाटतं.

चकव्यात तथ्य आहे. संशोधक यान सौमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या जंगलात आणि सहारा वाळवंटात लोकांना सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ते बऱ्यापैकी सरळ गेले. आभाळ भरून आलं, चंद्र मावळला, की वळत वळत गेले. जंगलात काही जणांनी तर नकळत आपलीच वाट ओलांडली. डोळे बांधल्यावर काहींनी जेमतेम २० मीटर व्यासाचे फेरे घातले. हे संशोधन २००९ साली प्रसिद्ध झालं. ‘सरळ’ म्हणजे कुठे, याचा मेंदूचा अंदाज पावलागणिक किंचित चुकतो आणि दूरची खूण दिसत नसेल तर ती चूक साचत जाते. उंच केळीत, अमावास्येला, खूण दिसणार कुठून? म्हणून गोष्टीतला उपाय अगदी योग्य आहे: खाली बसायचं, उजाडेपर्यंत हलायचं नाही.

हाच उपाय नुसता उपदेश म्हणून सांगितला, तर मूल विसरून जाईल. बॅरेट आणि ब्रोश या संशोधकांनी इक्वाडोरमधल्या शुआर आदिवासी मुलांना आणि लॉस एंजेलिसच्या मुलांना अनोळखी प्राण्यांची चित्रं दाखवून माहिती सांगितली. आठवड्यानंतर प्राण्याचं नाव, तो काय खातो, हे बरंचसं विसरलं होतं. कोणता प्राणी धोकादायक, हे मात्र एकदाच ऐकूनही जास्त लक्षात होतं. धोक्याची बातमी बालमनात खोल रुजते, आणि लोककथा त्या बातमीला सुटकेची वाटही जोडून देते.

मुलांसाठी अद्भुतकथा लिहिणाऱ्यांनी म्हणूनच चकवा घ्यावा, पिंपळावरचा मुंजा घ्यावा, डोहातल्या सातीआसरा घ्याव्यात. डाकीण मात्र खलनायिका म्हणून नको. सातपुड्याच्या पाड्यांवर डाकीण ठरवून खऱ्या बायकांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढलं गेलं आहे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अशा छळालाही लागू होतो. डाकीण लिहायचीच असेल, तर तिच्यावर आळ घेतला गेला तेव्हा तिच्या घरातल्या मुलीला जी भीती वाटली, ती लिहावी.