‘क्रिमिनल कॉन्व्हर्सेशन’ : नाव सभ्य, हिशोब मालकीचा

अठराव्या शतकातल्या इंग्लंडात एखाद्या नवऱ्याने परपुरुषावर ‘क्रिमिनल कॉन्व्हर्सेशन’चा दावा ठोकला की ऐकणाऱ्याला बरोबर कळायचं, बायकोशी त्या माणसाचे संबंध होते. बोलताना नुसतं ‘क्रिम. कॉन.’ म्हणायचे. नावात क्रिमिनल असलं तरी मामला दिवाणी, म्हणजे जेल नाही, नुकसानभरपाई. आणि कॉन्व्हर्सेशनचा जुना अर्थ गप्पांपेक्षा खूप मोठा होता, उठबस, सहवास, एकमेकांशी वागणं सगळं त्यात यायचं, तिथूनच हा झाकलेला अर्थ आला. आपल्याकडे ‘संबंध’चं तेच झालंय, आता नुसतं ‘त्यांचे संबंध आहेत’ म्हटलं तरी आवाज खाली जातो.

खरी गोम कायद्यात होती. हा दावा ट्रेसपासमध्ये बसवलेला, म्हणजे दुसऱ्याच्या हक्कात जबरदस्तीने घुसणं. बायको राजीखुशीने गेली असली तरी काही फरक पडायचा नाही, कारण तिच्या संमतीला कायद्यात किंमतच नव्हती. ती ना वादी ना प्रतिवादी, साक्षही देता यायची नाही, मग साक्षीला यायचे नोकरचाकर, कोणी दाराआडून काय ऐकलं, कोणी कुठला पलंग विस्कटलेला पाहिला.

१७८२ ची केस बघा. सर रिचर्ड वर्स्लीने जॉर्ज बिसेटकडे २०,००० पौंड मागितले. साक्षीत निघालं की मेडस्टोनच्या स्नानगृहात बायको आत असताना वर्स्लीनेच बिसेटला खांद्यावर उचलून खिडकीतून तिला दाखवलं होतं! ज्युरीने वर्स्लीच्या बाजूने निकाल दिला आणि भरपाई किती, तर एक शिलिंग.

१८३६ मध्ये जॉर्ज नॉर्टनने थेट पंतप्रधान लॉर्ड मेलबर्नवर दावा लावला आणि तो हरला, पण त्याची बायको कॅरोलाइन हिला कोर्टात एक शब्द बोलता आला नाही, बदनामी मात्र तिचीच झाली आणि मुलंही नवऱ्याच्याच ताब्यात राहिली. पुढे तिने लिहून लिहून कायदे बदलायला लावले, १८३९ चा मुलांच्या ताब्याचा कायदा त्यातलाच. १८५७ ला क्रिम. कॉन. रद्द झालं, तरी घटस्फोटाच्या केसमध्ये परपुरुषाकडून भरपाई मागायची सोय पार १९७० पर्यंत राहिली.

आणि आपल्याकडे? दंडसंहितेच्या मेकॉलेने केलेल्या मसुद्यात व्यभिचार हा गुन्हा नव्हताच, तो नंतर घातला गेला आणि १८६० च्या दंडसंहितेत कलम ४९७ आलं. नवऱ्याची संमती असेल तर गुन्हा नाही, नसेल तर परपुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद. म्हणजे तोच मालकी हक्क, वर जेल. या कलमाला सुप्रीम कोर्टात पहिलं आव्हान १९५४ च्या मुंबईतल्या केसमध्ये मिळालं, ते टिकलं नाही. १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या निकालाने कलम पुन्हा बचावलं, आणि २७ सप्टेंबर २०१८ ला ज्या घटनापीठाने ते मोडीत काढलं त्यात त्यांचा मुलगा धनंजय चंद्रचूड होते. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात मात्र याच जुन्या नावाने दावा अजूनही लावता येतो, फक्त आता बायकोलाही लावता येतो.