फ्रीडम (व्युत्पत्ती)

‘स्वातंत्र्य’ या अर्थाचा इंग्रजी भाववाचक शब्द. जुन्या इंग्रजीत तो ‘फ्रेओडोम’ असा होता. त्यातला ‘फ्री’ हा संस्कृत ‘प्रिय’ शब्दाचा सख्खा भाऊबंद आहे. दोघांचा पूर्वज असलेल्या आद्य इंडो-युरोपीय (संस्कृत, इंग्रजी आदी भाषांची अनुमानित मूळ भाषा) शब्दाचा अर्थ ‘लाडका, जिव्हाळ्याचा’ असा मानतात. संस्कृतने तो जपला, मराठीने जसाच्या तसा वापरात ठेवला. जर्मानिक भाषांत (इंग्रजी, जर्मन इत्यादी) मात्र तो बदलला.

उच्चारातला फरक नियमाने झालेला आहे. आद्य ‘प’ जर्मानिक शाखेत ‘फ’ झाला : पितृ–फादर, पाद–फूट, पञ्च–फाइव्ह. ‘पशु’चा नातलग ‘फी’ तर आधी गुरेढोरे आणि मग धन असा अर्थ घेऊन आला. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ रास्मुस रास्क यांनी १८१८ मध्ये आणि जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये हा नियम मांडला.

‘लाडका’ या शब्दाला ‘स्वतंत्र’ हा अर्थ कसा आला? बहुतेक अभ्यासकांच्या मते याचे उत्तर गुलामगिरीत आहे. घरात दोन प्रकारची माणसे असत : रक्तामांसाची, आपली म्हणवणारी, आणि दुसरी विकत घेतलेली किंवा युद्धात धरून आणलेली. आपली ती ‘प्रिय’, म्हणून तीच मोकळी. चौथ्या शतकातील गॉथिक (एक लुप्त जर्मानिक भाषा) बायबलमध्ये हे दोन्ही अर्थ शेजारी दिसतात : ‘फ्रेइस’ म्हणजे स्वतंत्र, ‘फ्रियोन’ म्हणजे प्रेम करणे आणि ‘फ्रियोंड्स’ म्हणजे मित्र. इंग्रजी ‘फ्रेंड’ याच क्रियापदाचे वर्तमानकालवाचक धातुसाधित. त्याचा शब्दशः अर्थ ‘प्रेम करणारा’. वेल्श भाषेतही याच मुळापासून आलेल्या ‘ऱ्हीद’चा अर्थ ‘मोकळा’ असा आहे. रशियन ‘प्रियातेल’ मात्र मित्रच राहिला.

शब्दाचा उत्तरार्ध ‘डोम’ म्हणजे निवाडा, कायदा. त्याचे मूळ संस्कृत ‘धा’ (ठेवणे, स्थापणे) या धातूच्या कुळातले. ‘धाम’ त्याच कुळातला, आणि वैदिक ‘धामन्’ला ‘नियम, विधान’ असाही अर्थ आहे. पुढे ‘डोम’ नुसता प्रत्यय उरला. ‘किंगडम’, ‘विज्डम’ यांत तोच आहे. स्वतंत्र शब्द म्हणून तो ‘डूम’ या रूपात टिकला.

ही केवळ कोशातली जुळवाजुळव नव्हे. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील कॉर्नवॉलमधील बॉडमिन येथील शुभवर्तमानांच्या हस्तलिखितात दहाव्या-अकराव्या शतकांत मुक्त केलेल्या दासांच्या नोंदी लॅटिन व जुन्या इंग्रजीत आहेत. संत पेट्रॉक यांच्या वेदीपाशी, साक्षीदारांसमोर माणसे मोकळी केली जात. इंग्रजी नोंदींत त्यासाठी येणारे क्रियापद याच ‘फ्रेओ’पासून बनलेले आहे.

समानार्थी ‘लिबर्टी’ चौदाव्या शतकात फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आला. लॅटिनमध्ये ‘लिबेर’ म्हणजे स्वतंत्र, आणि त्याचेच अनेकवचन ‘लिबेरी’ म्हणजे घरातली मुले. तिथेही मोकळा माणूस तोच, जो घरचा.