कॉम्प्युटर शिकायचं आणि कोर्टाच्या बाजूलाही जायचं: ह्या जोडीमागची गोष्ट

बारावीनंतर "मला कॉम्प्युटर सायन्सच करायचंय पण पोलीस तपास, कोर्ट ह्या बाजूला जायचंय" म्हणणारी पोरं मुंबईत आता भेटतात, आणि घरचे म्हणतात एक काहीतरी ठरव बाबा. मला विचाराल तर हे दोन विषय कॉम्प्युटर जन्माला यायच्या आधीच एकमेकांत अडकलेत.

१८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांचं ब्युरो सुरू झालं. ठसे घेणं सोपं होतं हो, पण हजारो कागदांतून नेमका एक माणूस शोधायचा कसा? अझीझुल हक नावाच्या पोलीस खात्यातल्या माणसाने गणित लावलं: प्रत्येक बोटावर चक्र, म्हणजे गोल फिरणाऱ्या रेषा, आहे की नाही एवढंच बघायचं, दहा बोटं, दहा वेळा हो किंवा नाही, म्हणजे दोनला दोनने गुणत दहा वेळा, १०२४ खण, आणि कागद आपापल्या खणात. पद्धतीला नाव मात्र साहेबाचं लागलं, बंगाल पोलिसांचा प्रमुख एडवर्ड हेन्रीचं. कॉम्प्युटरही आतून हो-नाहीवरच चालतो, त्यामुळे १०२४ हा आकडा बघून कॉम्प्युटरवाल्यांना वेगळं काही सांगायला नको.

कॉलेजात हे विषय एकत्र यायला मात्र खूप वेळ लागला. अमेरिकेत बर्कलीचा पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर ह्याने १९१६ मध्ये तिथल्या युनिव्हर्सिटीत पोलिसांसाठी शिक्षण सुरू करवलं, १९६७ मध्ये एफबीआयने देशभरच्या गुन्ह्यांची माहिती कॉम्प्युटरवर आणली, आणि १९६८ च्या कायद्याने पोलिसांच्या कॉलेजच्या फीसाठी सरकारी पैसा आल्यावर क्रिमिनल जस्टिसचे, म्हणजे पोलीस, कोर्ट, तुरुंग शिकवणारे विभाग भराभर निघाले. त्याच काळात कॉम्प्युटरचे विभागही निघत होते. एकाच कॅम्पसवर दोन्ही, आणि मेजर-मायनर, म्हणजे एक मुख्य आणि एक जोडविषय घ्यायची सोय, मग जोडी जमली.

आपल्याकडे तसं झालं नाही. मुंबईत टिस, देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था, १९३६ पासून आहे, तिथे गुन्हेशास्त्र शिकवतात पण समाजकार्याच्या अंगाने, म्हणजे कैदी, सुटल्यावरचं आयुष्य, बालगुन्हेगार, आणि ते फार मोलाचं काम आहे. पवईला आयआयटी १९५८ ची. कायदा शिकायला चर्चगेट, गुन्ह्यातल्या पुराव्यांच्या तपासणीची लॅब कलिन्याला. देवनार ते पवई काही लांब नाही, पण एका पोराने दोन्हीकडचं शिकावं असं कोणाच्या डोक्यातच नव्हतं, सायन्स वेगळं आर्ट्स वेगळं हे आपल्याकडे दहावीलाच ठरतं ना.

गरज पडली ती कोर्टामुळे. १७ ऑक्टोबर २००० ला आयटी ॲक्ट, म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायदा, लागू झाला आणि १८७२ च्या पुरावा कायद्यात ६५बी कलम घुसलं: कॉम्प्युटरमधला रेकॉर्ड द्यायचा तर सर्टिफिकेट जोडा. आयटी ॲक्टखालचा तपास तेव्हा करायचा डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) किंवा वरच्या अधिकाऱ्यानेच, आता असे अधिकारी असणार किती! मग २००८ मध्ये २६/११ झालं. हल्लेखोरांना सूचना इंटरनेट कॉलवरून येत होत्या, सीएसएमटीवरचं सीसीटीव्ही फुटेज, ते कॉल, हे सगळं खटल्यात पुरावा म्हणून उभं राहिलं. आयटी ॲक्टची दुरुस्ती आधीपासून पडून होती ती त्याच डिसेंबरात पास झाली, २००९ मध्ये लागू झाली, आणि तपास इन्स्पेक्टरपर्यंत खाली आला. फोर्टात इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या आवारातली फॉरेन्सिक सायन्सची सरकारी संस्थाही २००९ चीच, तिथे डिजिटल आणि सायबर फॉरेन्सिकसोबत त्याचा कायदाही एकाच डिप्लोमात शिकवतात. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

त्या ६५बी ने मात्र सगळ्यांना वीस वर्षं फिरवलं. २००५ मध्ये संसद हल्ला खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं सर्टिफिकेट नसलं तरी चालेल, २०१४ मध्ये म्हणालं नाही, पाहिजेच. आणि निकाल पक्का झाला तो आपल्या जालन्याच्या केसमुळे! २०१४ च्या विधानसभेला उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, एवढाच वाद, निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातल्या कॅमेऱ्यात सगळं होतं, सीडी पण मिळाल्या, पण मागूनमागून सर्टिफिकेट कोणी देईना. २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की कॉपी देत असाल तर सर्टिफिकेट लागणारच, मूळ मशीनच त्याच्या मालकाने कोर्टात आणून सिद्ध केलं तर नको, आणि अधिकारी देत नसेल तर कोर्टाकडून मागवून घ्या.

१ जुलै २०२४ पासून त्या जुन्या पुरावा कायद्याच्या जागी नवा भारतीय साक्ष अधिनियम आला. त्यात सर्टिफिकेटचे दोन भाग आहेत, एक पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची, म्हणजे त्या फाइलचा ठसाच म्हणा, एक अक्षर बदललं की ठसा बदलतो. हा ठसा कुठल्या पद्धतीने काढला ते सांगायला फॉर्मवर चौकटी आहेत: एसएचए१, एसएचए२५६, एमडी५. आता ह्यातल्या एमडी५ मध्ये दोन वेगळ्या फाइलींचा एकच ठसा काढता येतो हे २००४ लाच दाखवून झालंय, एसएचए१ चं २०१७ ला. ज्याने फक्त कायदा वाचलाय तो कुठल्याही चौकटीत टिक करेल, ज्याने फक्त कॉम्प्युटर केलंय तो बरोबर टिक करेल पण उलटतपासणीत वकिलासमोर गडबडेल, आणि तो दुसरा भाग आता मुंबईच्या कोर्टांत केसमागून केस भरला जाणारे.