तोडायची कुऱ्हाड आणि फोडायची कुऱ्हाड

हुरड्याचे दिवस आले की सोलापुरात हा प्रश्न हमखास कानावर येतो. "शेतावर तंबू टाकून दोन रात्री राहायचंय, हलकी कुऱ्हाड कोणती घेऊ?" उत्तरंही ठरलेली असतात. एक जण वजनाचे ग्रॅम सांगतो, दुसरा म्हणतो, घरातल्याच कुऱ्हाडीला आखूड दांडा बसवून घे. दोन्ही उत्तरं एकाच जागी चुकतात. तोडायची कुऱ्हाड आणि फोडायची कुऱ्हाड या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हेच आपण विसरतो.

आपल्या बोलण्यात हा फरक आधीपासून आहे. झाड तोडतात, फांदी तोडतात. ओंडका मात्र फोडतात, सरपण फोडतात. तोडताना धार लाकडाच्या धाग्यांना आडवी जाते, म्हणजे प्रत्येक धागा कापावा लागतो. फोडताना धार धाग्यांच्या दिशेनं उभी शिरते. तिथे कापायचं फारसं नसतंच, धाग्यांना एकमेकांपासून दूर ढकलायचं असतं.

फोडायची कुऱ्हाड तुम्ही लहानपणापासून बघितली आहे. दीड-दोन किलोचं जाड, पाचरीसारखं पातं आणि लांब दांडा. तिच्यावर आणखी लिहीत नाही.

खरी गफलत इथून पुढे होते. ही कुऱ्हाड लहान केली की कॅम्पिंगची होते, असं लोक धरून चालतात. बाजारातल्या स्वस्त 'कॅम्पिंग कुऱ्हाडी' बहुतेक अशाच असतात: पातं अर्ध्या किलोचं, पण आकार तोच जाड पाचरीचा. मी अशी एक विकत घेतली होती. मनगटाएवढी वाळलेली बाभळीची फांदी तोडायला गेलो, तर कुऱ्हाड दर घावाला उसळून परत येत होती. लाकडाला फक्त ठेचल्याच्या खुणा. शेवटी करवतीनं काम झालं.

असं का होतं? पात्याचं वजन निम्मं केलं की घावातला जोर निम्मा होतो. दांडा आखूड केला की पात्याचा वेगही कमी होतो, आणि वेगाचा हिशोब जास्त कडक आहे: वेग निम्मा झाला तर जोर चौथाईवर येतो. जाड पात्याला धागे बाजूला सारत आत शिरायला भरपूर जोर लागतो, आणि हलक्या कुऱ्हाडीकडे तोच नसतो. म्हणून हलकी कुऱ्हाड पातळच हवी. थोड्या जोरात खोल जायचं तर कापत जाण्याशिवाय दुसरा मार्ग नाही. वजन किती हा प्रश्न नंतरचा. धारेच्या मागे पातं किती जाड आहे, हे आधी बघा.

दुकानात बघायची माझी रीत सोपी आहे. कुऱ्हाड उभी धरून वरून पात्याकडे बघायचं. धारेपासून दोन बोटं मागे पातं करंगळीएवढं जाड असेल तर ती तोडायची. अंगठ्याएवढं असेल तर ती फोडायची, मग वेष्टनावर काहीही छापलेलं असो. पात्याचे गाल अगदी सपाट नसून किंचित फुगीर असले तर आणखी चांगलं, लाकडात अडकत नाहीत.

"पण मग शेकोटीसाठी फोडायचं कसं?" पातळ कुऱ्हाडीनंही बारीक लाकूड फुटतं, फक्त ती उगारायची नाही. धार लाकडाच्या टोकावर टेकवायची, लाकूड आणि कुऱ्हाड एकत्र उचलून खालच्या ओंडक्यावर आपटायची आणि मनगट जरा पिळायचं. लाकूड उकलतं. हुरड्याच्या आगटीला तर शेण्या पुरतात, कुऱ्हाड लागतच नाही.

दांड्याची लांबी हा दुय्यम फरक, पण हाडापर्यंत जाणारा. साधारण ३५ सेंटीमीटरचा दांडा पिशवीत मावतो, ५० सेंटीमीटरचा पाठपिशवीला बाहेरून बांधावा लागतो. मी ५० वालाच घेतो. दोन्ही हात बसतात आणि घाव चुकला तर पातं जमिनीकडे जाण्याची शक्यता जास्त असते. आखूड दांड्याचा चुकलेला घाव थेट नडगीकडे येतो. आखूड कुऱ्हाड असेल तर गुडघ्यावर बसूनच काम करा.

परदेशी कुऱ्हाड घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. स्वीडनच्या ग्रान्सफोर्ससारख्या कुऱ्हाडी पातळ आणि उत्तम असतात, पण त्या पाइन आणि बर्चच्या देशात घडल्या आहेत. आपल्याकडे बाभूळ, चिंच, बोर. वाळलेल्या बाभळीच्या गाठीवर फार बारीक धार कचते. टोकाला कानशीनं किंचित बोथट कोन द्या. पातं पातळ राहू दे, फक्त शेवटचा दोन मिलिमीटरचा काठ दणकट करा. आणि कृपा करून ग्राइंडरवर धार लावू नका. काठ निळा पडला की पोलादाचं पाणी उतरलं, मग कितीही पाजळा, धार टिकत नाही. कानस आणि निसणा, बस.

दुसरी गोष्ट आपल्या उन्हाळ्याची. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर गेला की लाकडी दांडा सुकून नेढ्यात, म्हणजे पात्याच्या भोकात, ढिला होतो. लोक कुऱ्हाड रात्रभर बादलीत बुडवून ठेवतात. सकाळी ती घट्ट लागते, कारण लाकूड फुगलेलं असतं. पण नेढ्यात जागा नसल्यानं फुगताना धागे चेपले जातात, आणि पुन्हा वाळलं की दांडा आधीपेक्षा ढिला. असं सैल पातं निसटलं तर समोरच्या माणसाचा जीव जाऊ शकतो. त्यापेक्षा पाचर आणखी ठोका, दांड्याला जवसाचं कच्चं तेल पाजा. वॉर्निशचा चकचकीत दांडा मला अजिबात नको; तो हातात सरकतो आणि फोड आणतो.

हातोडा, खिळेकाढू आणि कुऱ्हाड एकातच असलेल्या वस्तूंपैकी धड एकही काम करत नाही. ऊसतोडीचा कोयता शेताच्या कडेचं झुडूप साफ करायला झकास, पण मनगटाएवढ्या वाळल्या लाकडाला नको.

कुऱ्हाड न्यायची ती स्वतःच्या किंवा मालकानं परवानगी दिलेल्या शेतात. वेडी बाभूळ तिथे हवी तेवढी मिळते. नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे जाताना ती घरीच ठेवा. तो गवताळ माळ १९७९ पासून संरक्षित आहे आणि अभयारण्यात विनापरवाना शस्त्र नेणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं मना आहे.

परदेशी कुऱ्हाडीला पैसे घालायचे नसतील तर लोहाराकडे जा. ट्रकच्या जुन्या स्प्रिंगपाट्याचं पोलाद या कामाला चांगलं असतं. फक्त "हलकी कुऱ्हाड करून द्या" म्हणू नका, नाहीतर पुन्हा छोटी पाचरच हातात येईल. "दादा, फांद्या तोडायच्यात, फोडायच्या नाहीत. पातं सातशे ग्रॅमपर्यंत, दोन बोटं मागे करंगळीएवढं जाड, दांडा हातभर," एवढं सांगा.